बसून घेतलेलं माप

लष्कराच्या खरेदी कार्यालयात त्यांना सगळे पट्टीसाहेब म्हणत. तरुणपणी त्यांनी भरतीसाठी एक खुर्ची बनवून घेतली होती, पायाशी मोजपट्टी ठोकलेली. जवान बसला, पाय टेकवला, आकडा लिहिला, चला पुढचा! तासाला दहाऐवजी साठ जण उरकायचे. त्याच मापांवरून दरवर्षी हजारो बूट मागवले जात. या खुर्चीची गोष्ट सुरू झाली की त्यांची बायको हमखास कपडे वाळत घालायला उठायची.

निवृत्तीला बारा दिवस उरले असताना विद्यापीठातली एक संशोधक त्यांच्यासमोर अहवाल घेऊन बसली. वर्षभर तिने छावण्या पालथ्या घातल्या होत्या.

"सर, बसून मोजलं की पाय लहान भरतो. पाठीवर पूर्ण ओझं घेऊन उभं राहिलं की तो पसरतो. मी चारशे बारा जवान मोजले. तिघांतल्या दोघांना बूट लहान होतोय."

"मग इतकी वर्षं कुणी बोललं कसं नाही?"

"बोलले ना. तक्रारवहीत आहे. 'पायाला फोड आले.' आणि पुढे शेरा, 'माप नियमानुसार आहे.'"

शेरा त्यांच्याच अक्षरातला होता. पट्टीसाहेबांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी सही केली, तर येत्या खरेदीपासून माप उभं राहून घेतलं जाणार होतं. नाही केली, तर नवे साहेब रुळेपर्यंत आणखी एक भरती खुर्चीत बसून जाणार. आणि निरोपाच्या भाषणात तर खुर्चीचंच कौतुक व्हायचं होतं. "उद्या बघू," म्हणत त्यांनी अहवाल घरी नेला.

बायकोने सगळं ऐकून घेतलं, अगदी शेवटपर्यंत, न उठता.

"अहो, दुकानात चपला घेताना तुम्ही त्या घालून चार चकरा मारता. दुकानदार वैतागतो. मग त्या पोरांना बसवून कशाला मोजलंत?"

त्यांना धाकटा भाऊ आठवला. पाय कामातून गेले म्हणून तो सहा वर्षांत फौज सोडून आला होता. "राजकुमाराचे नाजूक पाय!" असं त्यांनी त्याला पाहुण्यांसमोर चिडवलं होतं. सगळे हसले होते, वडीलसुद्धा. त्यानंतर धाकट्याने घरी येणं सोडलं. त्या हसण्याची त्यांना आज मनापासून लाज वाटली.

सकाळी त्यांनी सही केली आणि खाली स्वतःच्या हाताने लिहिलं, 'खुर्ची माझी होती, चूकही माझीच.' मग भावाला फोन लावला.

"दादा? काय झालं? सगळे बरे आहेत ना?"

"बरे आहेत. अरे, तुझे पाय नाजूक नव्हते. बूट लहान होता. माप माझ्याच खुर्चीत घेतलेलं."



"बाबा असताना सांगायला हवं होतंस रे, दादा."