आतलं दव

"साहेब, दव सगळ्यांच्या काचांवर बाहेरून पडतं. तुमच्याच गाडीला आतून कसं?"

रखवालदाराचा प्रश्न अगदी शास्त्रशुद्ध होता. गाडीवाला त्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता, उत्तर त्याला ठाऊक होतं. पण ते देण्याची सोयच नव्हती. राहती इमारत धोकादायक ठरवून रिकामी केल्याला एक्केचाळीस दिवस झाले होते. बहिणीच्या दोन खोल्यांत आधीच सात माणसं होती. म्हणून तो आणि त्याचे वडील कॉलेजच्या मागच्या वाहनतळावर गाडीतच झोपत होते.

रखवालदार माणूस वाईट नव्हता. "आज मी काही पाहिलं नाही," तो म्हणाला. "पुन्हा दिसलं तर ऑफिसात नंबर द्यावा लागेल. मलाही पोट आहे."

नंबर गेला की जागा जाणार, आणि बहुधा नोकरीही. रखवालदाराची फेरी सकाळी सातला असे. त्याआधी दोघं उठत, पांघरुणं डिकीत कोंबत, कॉलेजच्या नळावर तोंड धूत. सगळं लपत होतं, फक्त काचा चुगली करत होत्या. इंजिन चालू करून एसी आणि गरम हवा एकदम सोडली असती तर दहा मिनिटांत काच लख्ख झाली असती, पण त्या शांततेत इंजिनाचा आवाज फाटकापर्यंत गेला असता.

मग तो हात धुऊन काचांवरच्या त्या पाण्याच्या मागे लागला. ओले बूट बाहेर काढले. दोन्हीकडच्या काचा बोटभर खाली ठेवल्या. जाड मीठ मोज्यांत भरून समोर टांगलं. काचांना आतून साबणाचा पातळ हात दिला.

"बटाटा चिरून घास," बाबा मागच्या सीटवरून म्हणाले. त्यांनी एकतीस वर्षं बस चालवली होती.

"बाबा, बटाट्याने पाणी जात नाही, नुसतं पसरतं."

"पसरलं की पलीकडचं दिसतं. ड्रायव्हरला आणखी काय लागतं, शास्त्रज्ञ?"

"पण हे पाणी येतं कुठून, ते बघा की! श्वासातून. गरम श्वास गार काचेला लागला, की बसलं."

"मग काय श्वास घेऊ नको म्हणतोस?" बाबा हसले आणि हसता हसता खोकू लागले. खोकला आठवडाभर मुक्कामाला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने काचा पुसून फडकं मोजपात्रात पिळलं. एकशे वीस मिलिलिटर. आकडा हाती आला की त्याला नेहमीच बरं वाटे. मोजपात्र उजेडात धरून तो म्हणाला, "हे बघा. यातलं अर्धं तुमचं."

"म्हणजे मी नसलो तर तुझं काम अर्ध्यावर येईल."

"गणित तसंच आहे," तो मोजपात्र पुसत म्हणाला. त्याचं लक्ष आकड्याकडे होतं.

त्यानंतरच्या सकाळी साडेसहाला त्याने डोळे उघडले. समोरच्या काचेवर फक्त खालच्या कडेला पुसट पट्टा होता, बाकी काच कोरडी. मागची तर आरशासारखी. मिठाने काम केलं! "बाबा, जमलं!" म्हणत तो वळला.

मागची सीट रिकामी होती. आणि बाबांचं पांघरूण त्याच्या अंगावर होतं.

सायकलींच्या छपराशेजारी, उघड्यावरच्या सिमेंटच्या बाकावर बाबा नुसत्या स्वेटरवर बसले होते. स्वेटरवर दव जमलं होतं. बाहेरून.

"काच कशी आहे?" त्यांनी विचारलं. जीभ जड झाली होती.

"केव्हापासून बसलात इथे?"

"तू घोरायला लागलास तेव्हापासून. गणित बरोबर निघालं ना रे?"

त्याने त्यांना जवळजवळ उचलूनच पुढच्या सीटवर आणलं, दोन्ही पांघरुणं गुंडाळली आणि इंजिन चालू केलं. गरम हवा पूर्ण सोडली. आवाज ऐकून रखवालदार धावत आला, काचेतून आत पाहिलं, आणि नंबर टिपायचं सोडून त्याने ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

"बाबा, माझ्याशी बोला. बटाट्याचं सांगा."

बाबांचं डोकं खिडकीला टेकलं होतं. ओठांजवळच्या काचेवर वाफेचा लिंबाएवढा गोल उमटे आणि पुसला जाई. तो त्या गोलावर नजर लावून बसला. पुढचा गोल सुपारीएवढा झाला. मग आलाच नाही.

गरम हवेने काच सुकवली असेल, त्याने स्वतःला बजावलं. काच गरम झाली की वाफ धरत नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल. त्याने पंखा बंद केला. स्वतःकडची काच खाली केली. बाहेरची गार हवा आत येऊ दिली आणि दोन्ही तळवे बाबांच्या बाजूच्या काचेला लावून पाहिलं. काच गार पडली होती. आता वाफ धरायलाच हवी होती.

त्याने आपला श्वास रोखून धरला. काचेवर जे येईल ते बाबांचंच असावं म्हणून.

काच स्वच्छ राहिली. पलीकडे उभा असलेला रखवालदार स्पष्ट दिसत होता. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.