अनाथांच्या यादीतली मी

मित्रांनो, मी एक जुनी लायब्ररी, पण माझ्याकडे पुस्तक मागू नका, एकही नाही! मी संगणकातली लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमच्या हाताखाली राबणारी फाइल. आवाजाचे तुकडे जोडणं हे माझं काम.

घशाच्या ऑपरेशननंतर आप्पांचा आवाज गेला. त्याआधी थोरल्या मुलीनं तो रेकॉर्ड करून ठेवला आणि स्वतःच एक प्रोग्रॅम लिहिला. आप्पा टाइप करायचे, संगणक त्यांच्याच आवाजात बोलायचा. जोडणी माझी! "चहात साखर विसरलीस" हे तर मी रोज जोडायचे. आई म्हणायची, "आवाज गेला, तक्रार मेली गेली नाही." मला फार सुख वाटायचं.

एका दुपारी धाकट्या मुलानं संगणकातलं सगळं अपडेट केलं. शेवटी यादी आली : 'अनाथ पॅकेजेस. काढायची?' म्हणजे कुठल्याच प्रोग्रॅमला न लागणाऱ्या फाइली. त्यात मी! थोरलीचा प्रोग्रॅम पडला घरचा, संगणकाच्या नोंदीत त्याचं नावच नव्हतं. म्हणून मी कुणालाच नको, असं ठरलं. धाकट्यानं 'हो' दाबलं. फार वाईट वाटलं हो.

आप्पांनी टाइप केलं. संगणक गप्प. पडद्यावर एवढंच : 'लायब्ररी सापडत नाही.' चार वाजता त्यांच्या थोरल्या बहिणीचा, आक्कांचा फोन यायचा होता. पाचला आक्कांचं डोळ्यांचं ऑपरेशन. त्यांना लिहून पाठवलेलं दिसणार कसं?

धाकट्यानं शक्कल लढवली. अपडेटमधून आलेल्या नव्या लायब्ररीलाच माझं नाव दिलं. आवाज आला, पण चिरका आणि भरधाव. आईला हसू फुटलं, मग आप्पांचा चेहरा पाहून तिनं ते आवरलं.

धाकट्यानं थोरलीला फोन लावला. "ताई, अनाथ दाखवत होतं म्हणून काढली गं."

"अनाथ कसली? आप्पा बोलतात तिच्या जिवावर! ते खोटं नाव आधी काढ. डाउनलोडच्या साठ्यात जुनं पॅकेज असेल बघ."

होतं! फाइलीचं एक बरं असतं, प्रत म्हणजे मीच. पावणेचारला मी परत जागेवर बसले.

फोन वाजला. आप्पांनी एका बोटानं टाइप केलं, मी जीव लावून जोडलं : "आक्का, घाबरू नकोस. मी आहे."

"तुझाच रे आवाज," आक्का म्हणाल्या. "आता खुशाल नेऊ देत मला आत."

मित्रांनो, जुनं काही काढताना नुसती यादी बघू नका, घरात एकदा विचारा. धाकट्यानं आता संगणकावर चिठ्ठी चिकटवली आहे. तीत माझं नाव आहे आणि पुढे लिहिलंय : 'काढू नये. आप्पांची आहे.'