हनुवटीवरचे डाग

मामीच्या सुईखालून वीस वर्षांत शेकडो चेहरे गेले होते. चेहऱ्यावरचे नकोसे केस कायमचे काढायचे हा तिचा धंदा: केसाच्या मुळाशी बारीक सुई घालायची, क्षणभर करंट सोडायचा, मूळ जळालं की केस चिमट्यानं अलगद उचलायचा. हे काम हाताला इतकं बसलं होतं की नवरा चेष्टेनं म्हणायचा, "हिला झोपेत सुई द्या, काम चोख करेल." पण त्या सकाळी नणंद लेकीला घेऊन दारात उभी राहिली, मुलीनं तोंडावरचा रुमाल काढला आणि मामीनं तिचा चेहरा उजेडाकडे वळवला.

हनुवटीवर आणि ओठांच्या वर काळपट ठिपके उठले होते. शाई शिंपडावी तसे.

"बघ वहिनी, काय करून ठेवलंस पोरीचं!"

भाचीला घरात सगळे चिमणी म्हणत. ती बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवायची. मुलं दिवसभर तिच्या ओठांकडे बघून शब्द ओळखायची. एकदा एका लहानगीनं तिच्या हनुवटीवरचा केस ओढून पाहिला, तेव्हा चिमणीनं त्याच संध्याकाळी मामीला गाठलं होतं. "सुट्टी संपायच्या आत सगळं साफ कर. तुला माझी शपथ!" शाळा आता चार दिवसांवर आली होती.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे तिघी गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून चेहरा न्याहाळला. "सुईनंतरच्या खपल्या काढल्या होत्यास?"

चिमणीनं मान खाली घातली. "दोन. खाजत होतं. आणि एक दिवस उन्हात फिरले... मामी नको म्हणाली होती."

"तरी मी म्हणतेय!" नणंद लेकीवरच उखडली. "हिला कधी कुणाचं ऐकायला नको!"

मामीला आयती पळवाट मिळाली होती. मूग गिळून बसली असती तर सगळं खापर पोरीच्या डोक्यावर फुटलं असतं आणि घरातलं वितुष्टही टळलं असतं. चिमणीच्या डोळ्यांत पाणी तरळलं होतं.

"खपल्या दोनच काढल्या," मामी म्हणाली. "डाग पंधरा-वीस आहेत. ते माझे. शेजारशेजारचे केस एका दिवशी घ्यायचे नसतात, मध्ये जागा सोडायची असते. मी सोडली नाही. सहा खेपांचं काम दोन खेपांत उरकलं, करंटही वाढवला. हिनं घाई केली, पण नाही म्हणायचं काम माझं होतं."



"बरं झालं सांगितलंत," डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "डाग भाजल्याचे आहेत, विरतील. पण चार-सहा महिने धीर हवा. मलम लावायचं, उन्हापासून जपायचं आणि तोवर सुई अजिबात नाही. ओठाजवळचा एक खड्डा मात्र राहील असं दिसतंय." मग त्या चिमणीकडे वळल्या. "पाळी वेळेवर येते?"

"दोन-दोन महिने येत नाही."

"मग रक्त तपासू. केस का वाढताहेत ते शोधायला नको?"

हा प्रश्न आपल्याला पहिल्याच दिवशी सुचायला हवा होता, हे मामीला सुईसारखं टोचलं.

बाहेर आल्यावर नणंद एवढंच म्हणाली, "माझ्याशी सध्या बोलू नकोस," आणि झपाझप पुढे निघून गेली. चिमणी जिन्यात रेंगाळली.

"मामी, करंटचं तू सांगितलं नसतंस तरी चाललं असतं."

"तू खपल्यांचं सांगितलंसच की."

शाळेत पहिल्याच दिवशी मुलांनी खुणांनी विचारलं, काय झालं? चिमणीनं फळ्यावर मोठ्ठा चेहरा काढला, त्यावर ठिपके दिले आणि 'भाजलं' हा शब्द ओठांनी सावकाश म्हणून दाखवला. वर्गानं तो दिवसभर घोकला.

तपासणीत हार्मोन्सचा बिघाड निघाला, गोळ्या सुरू झाल्या. पाचव्या महिन्यात डाग फिकटले. खड्डा राहिला. नणंदेचा अबोला डाग फिकटण्याच्याही आधी, चिमणीच्या आजारपणाचं काय काय विचारायचं म्हणून, एका दुपारी तिनंच केलेल्या फोनवर सुटला. पण मामीच्या खुर्चीत लेकीला ती पुन्हा कधी बसू देणार, हे मात्र तिनं सांगितलं नाही आणि मामीनंही विचारलं नाही.