एकतीस प्रश्न कोरे

माझा अभ्यास बिघडलेल्या पानांवर झाला. झेरॉक्सच्या दुकानात दिवसाकाठी पन्नासेक पानं तरी वाया जातात. कुठे शाई पुसट, कुठे पान तिरकं ओढलेलं, कुठे कोपऱ्यात माझाच अंगठा काळा होऊन बसलेला. गिऱ्हाइकाला नवं पान काढून द्यायचं आणि बिघडलेलं खोक्यात टाकायचं. त्या खोक्यातून समाजशास्त्राची तेवढी पानं मी घरी न्यायची. त्यामुळे माझ्या ज्ञानाला जागोजागी भोकं होती. कुटुंबाचे प्रकार मला बरीच वर्षं तीनच ठाऊक होते, कारण चौथा ज्या पानावर होता ते पान नीट आलं होतं.

दुकान महाविद्यालयाच्या फाटकासमोर. तीन मशीन, एक पंखा, मालक आणि मी. मालकांना मुलं पाठीमागे टोनरकाका म्हणतात, कारण दुसऱ्या विषयावर त्यांना बोलताना कुणी ऐकलेलं नाही. मला सगळे काकू म्हणतात. बारा वर्षांत त्या गल्लीत माझं नाव कुणी विचारलं नाही, आणि मीही आपणहून सांगायला गेले नाही.

बी.ए. मी बाहेरून केलं, चाळिशी उलटल्यावर. मला एम.ए. करायचं होतं, आणि ते वर्गात बसून. समोर कुणीतरी शिकवतंय, शेजारी कुणीतरी पेंगतंय, असं. घरात बोलायला कुणी नाही. नवरा आहे, पण दुसऱ्या गावी, दुसऱ्या संसारात, आणि सुखात असावा, कारण फोन येत नाही. मुलीचा येतो, रविवारी. "आई, जेवलीस ना?" "हो." "तब्येत?" "बरी." मग दोघी जरा वेळ एकमेकींचा श्वास ऐकतो आणि ठेवतो. तिला एम.ए.च्या प्रवेशपरीक्षेचं सांगितलं नव्हतं. तिने फार कौतुक केलं असतं, आणि नापास झाल्यावर ते कौतुक परत कसं करायचं, हे मला कळलं नसतं.

गेल्या वर्षी एकदा बसले होते. अकरा गुणांनी राहिले. मालकांना सांगितलं होतं, लग्नाला चाललेय. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "कसं झालं लग्न?" म्हटलं, "मोडलं." त्यांनी पुढे काही विचारलं नाही. टोनर संपत आला होता.

या वर्षी समाजशास्त्र विभागाची सूचना आली. संध्याकाळच्या वर्गाला यंदा शेवटचे प्रवेश, पुढच्या वर्षीपासून नवे प्रवेश फक्त सकाळी. ती सूचना मीच छापली, पन्नास प्रती. सकाळी माझी नोकरी. म्हणजे यंदा चाळीस जागांत आले तर आले, नाहीतर हा विषय माझ्यापुरता संपला. पन्नास वेळा तेच वाक्य मशीनमधून बाहेर आलं, तरी मजकूर काही बदलला नाही.

त्याच सुमारास गोळी यायला लागली. दोन दुकानं पलीकडे औषधांच्या दुकानात काम करणारी मुलगी, तेवीसची असेल. गोळी हे नाव मी मनातल्या मनात ठेवलेलं. बोलणं नेमकं आणि जरासं कडू. तिलाही संध्याकाळचाच वर्ग हवा होता, कारण दिवसभर तीही काउंटरमागे उभी. दुपारी दोनला तिची सुट्टी आणि माझी सुट्टी एकच. सराव प्रश्नपत्रिका छापायला यायची, ती हळूहळू डबा घेऊनच यायला लागली.

एकदा तिच्या नोट्स छापताना मी म्हटलं, "यात सत्तेचाळिसावं पान नाहीये. नमुना निवडीचं."

"तुम्हाला काय माहीत?"

"शेहेचाळीसवर वाक्य अर्धवट तुटलंय."

"काकू, तुम्ही लोकांचे कागद वाचता?"

"नाही गं. दिसतात."

"दिसतात म्हणे," ती म्हणाली, आणि स्टूल ओढून बसली. "मग ही पत्रिका सोडवा बघू. मी तपासते. तेवढीच मला मजा."

"मला काय करायचीये?"

"टाइमपास हो."

"बरं, टाइमपास," मी म्हटलं. तिथेच खरं सांगायला हवं होतं. पण खरं सांगितलं असतं तर मी काकू राहिले नसते. तिच्या चाळीस जागांतली एक जागा मागणारी झाले असते, आणि तिने डबा घेऊन यायचं थांबवलं असतं. दिवसातून अर्धा तास कुणी माझ्याशी टोनर सोडून दुसऱ्या विषयावर बोलत होतं. मी पेन्सिल उचलली.

शंभर प्रश्न मी तीन दुपारी मिळून सोडवले. गोळीने लाल पेनाने तपासले. बेरीज केली, पुन्हा केली, आणि माझ्याकडे बघत राहिली.

"तुम्ही एकही प्रश्न सोडला नाहीत?"

"सोडायचा कशाला? विचारलाय ना त्यांनी."

"काकू, बरोबरला दोन, चुकीला उणे एक. येत नसेल तर कोरा ठेवायचा असतो. जगातलं शेंबडं पोरही ठेवतं."

मला नियम माहीत होता. पत्रिकेच्या डोक्यावर तो छापलेला असतो, मीच हजार वेळा छापलाय. पण बारा वर्षं माझ्या हाताला एकच शिस्त आहे, की गिऱ्हाइकाच्या हातात कोरं पान जाता कामा नये. गठ्ठ्यात एक जरी कोरं निघालं तरी ते काम फसलं. मशीनने रिकामं पान टाकलं की डोक्याआधी माझा हात पुढे होतो. मग प्रश्नासमोरची रिकामी चौकट मला कशी बघवणार?

"अठ्ठावन्न तुम्हाला पक्के येत होते," गोळी म्हणाली. "बाकी बेचाळीस तुम्ही ठोकून दिलेत. आठ लागले, चौतीस चुकले. गप्प बसला असतात तर एकशेसोळा. आता अठ्ठ्याण्णव. अठरा गुण तुम्ही स्वतः होऊन नाल्यात ओतलेत."

"मग गेल्या वर्षी—" मी म्हटलं आणि थांबले.

"गेल्या वर्षी काय?"

"काही नाही. गेल्या वर्षी उन्हाळा फार होता."

ती हसली. त्यानंतर दीड महिना तिने मला कोरं ठेवायला शिकवलं. मी पेन्सिल टेकवली की विचारायची, "पक्कं?" मी अडखळले की पट्टीने माझ्या बोटांवर टकटक. "उचला हात." तिच्या दृष्टीने हा खेळ होता, औषधाच्या दुकानातल्या कंटाळ्यावरचा उतारा. घरी मी एकटी सराव करायची. पत्रिकेसमोर बसायचं आणि न येणारा प्रश्न आला की उजवा हात मांडीखाली दाबून पुढचा वाचायचा. हात मुंग्यांनी भरून जायचा. घरात पंख्याखेरीज आवाज नसायचा, म्हणून मीच मोठ्याने म्हणायची, "पक्कं?" आणि मीच उत्तर द्यायची, "नाही."

परीक्षा रविवारी होती. फाटकावरच्या रखवालदाराने मला हाताने अडवलं. "पालकांनी झाडाखाली थांबायचं, बाई." मी प्रवेशपत्र पुढे केलं. त्याने फोटो बघितला, मला बघितलं आणि म्हणाला, "जा, जा. पंखे चालू आहेत." गोळीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती, हे मला तिच्या प्रवेशपत्रामुळे ठाऊक होतं. तेही मीच छापलेलं. मी तळमजल्यावर, मागच्या बाकावर. एकोणसत्तर सोडवले. एकतीस कोरे ठेवले. उत्तरपत्रिका देताना वाटलं, पर्यवेक्षिका आत्ता म्हणेल, अहो, हे परत काढून द्या. तिने नुसती मोजणीत ठेवली.

सोळा दिवसांनी विभागाचा कारकून यादी घेऊन दुकानात आला. "दहा प्रती. ठळक येऊ द्या."

मी पहिली प्रत काढली आणि उचलून धरली, शाई बघायची म्हणून. चाळिसाव्या ओळीत माझं नाव होतं. पूर्ण, वडिलांनी ठेवलेलं, सासरच्या आडनावासकट. त्याच्याखाली एक रेघ, रेघेखाली 'प्रतीक्षा यादी', आणि तिथे पहिल्या क्रमांकावर गोळी.

"अजून नऊ," कारकून म्हणाला. मी नऊ काढल्या.

दोन वाजता ती आली, डबा आणि मोबाइल घेऊन. फलकावरच्या यादीचा फोटो काढून आणला होता. "काकू, हा जरा मोठा करून छापा." कागद हातात घेऊन तिने डबा न उघडताच बोट खालून वर नेलं.

"एकाने," ती म्हणाली. "एकाने जरी प्रवेश घेतला नाही ना, तर माझा नंबर लागतो. घरी सांगितलंय, होईल म्हणून." बोट चाळिसाव्या ओळीवर थांबलं. "ही कोण बाई आहे? नाव तर जुन्या वळणाचं आहे. कदाचित नोकरी-संसारवाली असेल, नाही येणार."

मशीन चालू होतं. मी ते बंद केलं.

"येणार आहे," मी म्हटलं.

"ओळखता?"

"ते माझं नाव आहे."

तिने कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिचा चेहरा हिशेब करताना व्हायचा तसा झाला होता.

"टाइमपास म्हणाला होतात."

"खोटं बोलले."

"किती कोरे ठेवलेत?"

"एकतीस."

तिने मान हलवली. आकडेमोड तिला माझ्यापेक्षा आधी येते. "मी नव्वद सोडवले," ती म्हणाली. "तुम्हाला ओरडायची, आणि तिथे बसल्यावर मलाच राहवलं नाही." मग तिने कागदाची नीट चौकोनी घडी घातली, छापल्याचे पैसे काउंटरवर ठेवले आणि उठली.

"डबा?" मी म्हटलं.

"तिकडेच खाते आज."

मी म्हणू शकले असते, मी नाही घेत प्रवेश, तू जा. ते वाक्य तोंडात आलंही होतं. शाळेपासून आतापर्यंत तसलीच वाक्यं मी बोलत आलेय, आणि लोक त्यांना भलतंच छान म्हणत आलेत. ती दुकानाच्या पायरीवर क्षणभर थांबली. बहुधा तीही त्या वाक्याची वाट बघत होती. मी ओठ मिटून बसले. मग ती उजवीकडे वळली, औषधांच्या दुकानाकडे.

चार वाजता मी मालकांकडे तासभर सुट्टी मागितली. "कशाला?" "प्रवेश घ्यायचाय. एम.ए.ला." ते डोळे बारीक करून बघत राहिले. "आमच्या समोर?" "समोरच." "बरं," ते म्हणाले, "जा. मशीन मी बघतो." आणि मी बाहेर पडताना मागून म्हणाले, "बाई, सहाला जायचं असेल रोज, तर साडेपाचला आवरत जा. तोंडबिंड धुऊन जा."

खिडकीपुढे रांग होती. पुढच्या मुलीबरोबर तिची आई होती आणि मागच्या मुलाबरोबर दोन मित्र. माझा नंबर आल्यावर आतल्या माणसाने अर्ज वाचला आणि माझं नाव मोठ्याने उच्चारलं.

"कोण?"

"मीच," मी म्हटलं.

"सही करा."

मी सही केली. त्याने पावती फाडून दिली. ती हातात धरून मी जिन्यात थांबले आणि मुलीला फोन लावला. मंगळवार होता. मंगळवारी मी कधी फोन करत नाही. पलीकडे घंटा वाजत राहिली, आणि मी वाट बघत उभी राहिले.