बिनकल्हईचं पातेलं

सणसरच्या विहाराशेजारच्या खोलीची किल्ली एकोणीस वर्षं भागुबाईच्या कनवटीला होती. खोलीत वस्तीची सामाईक भांडी असायची: सहा मोठी पितळी पातेली, पराती, डाव, ताटं-वाट्या. एके काळी लग्नकार्याला गावात भांडी मागायला गेलं, तर माणसं दारातूनच वाटेला लावायची. म्हणून वस्तीतल्या बायकांनी घराघरातलं फुटकंतुटकं पितळ मोडीत घालून ही पातेली केली होती. भागुबाईच्या सासूचा एकुलता एक हंडा त्यात गेला होता. परत आलेलं प्रत्येक भांडं भागुबाई उजेडाला धरून बघायची, आणि कुठं खरकटं दिसलं तर त्या घरी जाऊन चार शब्द सुनवून यायची.

चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात, एका गुरुवारी, श्रीपती भांडी न्यायला आला. विहार समितीचा अध्यक्ष, दारात ट्रॅक्टर, बोलायला गोड. रविवारी त्याच्या लेकीचं, करुणाचं लग्न होतं. नवरदेव बारामतीचा, बँकेत नोकरीला.

"सगळी पातेली काढा, मावशी. माणूस लई हाय."

भागुबाईनं चार पातेली पुढं सरकवली आणि दोन मागं ओढली. "ह्या दोनाची कल्हई उडालीय. आत बघ, पिवळं पितळ दिसतंय. कल्हईवाला सोमवारी येतोय."

"सोमवारी काय करू? लग्न रविवारी हाय."

"मग निस्तं पाणी भर. ताक, चिंच, काय बी आंबट घालू नगंस. कळकतं. माणसं वकून वकून बेजार व्हत्यात."

"बरं बरं," श्रीपती म्हणाला. भागुबाईनं दोन्ही पातेल्यांच्या कड्यांना लाल चिंध्या बांधल्या आणि त्याला पुन्हा एकदा सगळं बजावलं.

रविवारी बुद्धवंदना झाली, लग्न लागलं, पंगतींची गडबड सुरू झाली. भागुबाई सवयीनं मांडवामागं चुलाणाकडं गेली. तिथं विटांवर एक पातेलं गळ्यापर्यंत कढीनं भरलेलं होतं. कड्याची लाल चिंधी कुणीतरी सोडून राखेत टाकली होती. तिनं डावानं कड खरवडली. डावाला हिरवट तवंग लागून आला.

"सावळाराम, ही कढी कवाची?"

आचारी सावळाराम घाम पुसत म्हणाला, "सकाळी सातची, मावशी. मी इचारलं व्हतं. अध्यक्ष म्हणले, घाला, काय हुत न्हाय."

तेवढ्यात तिची नजर पलीकडं गेली. बाजूला फडक्यानं झाकलेलं स्टीलचं पिंप होतं. तिनं फडकं उचललं. आत वेगळी कढी, पांढरीशुभ्र.

"आन् ही कुणाची?"

सावळाराम खाली बघत म्हणाला, "व्याह्यांच्या पंगतीची."

भागुबाईचं म्हणणं श्रीपतीनं ऐकलं नव्हतं असं नाही. नीट ऐकलं होतं, खरं मानलं होतं, आणि म्हणूनच पाहुण्यांची कढी वेगळी ठेवली होती. ही हिरवी वस्तीतल्यांना, लेकराबाळांना.

श्रीपती लगबगीनं तिकडंच आला. "मावशी, आता तमाशा नगं. व्याही बसल्यात."

"तू खातूस का ह्यातली? एक वाटी?"

"मला जेवायला सवड हाय का?"

"तुझ्या बायकूला, लीलाला वाढू?"

भागुबाई खाली बसली, पातेल्याखालची एक वीट दोन्ही हातांनी ओढून काढली आणि बाजूला झाली. पातेलं कलंडलं. सगळी कढी मातीतून वाहत मांडवाच्या तोंडापर्यंत गेली. पाहुणे उठून उभे राहिले.

पंगत कढीवाचून उरकली. कुणालाही काही झालं नाही, आणि तेच भागुबाईला भोवलं. कढी कुणी खाल्लीच नाही, तर बाधणार कशी? पण दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर जो तो हेच बोलत होता की म्हातारीनं पोरीच्या लग्नात अवलक्षण केलं. सून अंजलीसुद्धा म्हणाली, "आत्याबाई, हळूच सांगायचं व्हतं."

"हळूच सांगितलं व्हतं. गुरुवारी."

सोमवारी कल्हईवाला आला. भागुबाईनं पाच पातेली त्याच्याकडं दिली, सहावं तसंच ठेवलं, न घासता. आयुष्यात पहिल्यांदाच.

मंगळवारी समितीनं तिला विहारात बोलावलं. श्रीपतीनं माफी मागायला सांगितलं, नाहीतर किल्ली द्या म्हणाला. भागुबाईनं ते पातेलं सगळ्यांच्या मधोमध आणून ठेवलं. आतून हिरवंगार, कडेला वाळलेली कढी.

"सावळाराम, स्टीलच्या पिंपात कुणाची कढी व्हती, सांग."

सावळारामनं खालच्या आवाजात सगळं सांगितलं.

"किल्ली देते," भागुबाई म्हणाली. "आधी ह्यानं हे पातेलं घासायचं."

श्रीपतीची बायको लीलाबाई डोळे पुसत उठली. भागुबाईनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं. "तू न्हाय, लीला. तुला म्हाईत बी नसंल."

श्रीपतीनं इकडंतिकडं बघितलं. त्याच्या बाजूनं कुणी बोलेना. शेवटी पातेलं घेऊन तो नळाकडं गेला. चिंच लावली, राख लावली, जमेल तसं घासलं. भागुबाईनं आत बोट फिरवलं आणि ते त्याच्यापुढं धरलं. त्यानं पुन्हा घासलं. तिनं पुन्हा बोट फिरवलं. तिसऱ्यांदा बोट स्वच्छ निघालं. तिनं किल्ली काढून पुढं केली, पण घ्यायला कुणाचा हात पुढं आला नाही. मग तिनं ती परत कनवटीला लावली.

बुधवारी लग्नातल्या सतरंज्या आणि चादरी घेऊन ती कालव्याच्या फाट्यावर धुवायला गेली. हळदीचे, तेलाचे डाग पडलेला तो ढीग कुणीतरी तसाच तिच्या दारात टाकून गेलं होतं. ती धोपाटणं हाणत होती आणि अंजली पिळून देत होती.

"झालं की आता मनासारखं," अंजली म्हणाली. "त्यानं घासलं सगळ्यांम्होरं."

"वाढप्यांनी पिंप बघितलं व्हतं," भागुबाई म्हणाली. "कुणी ते झाकलं. कुणी फडकं आणून दिलं. एवढ्यातल्या एकानं बी मला येऊन सांगितलं न्हाय."

अंजलीनं हातातली चादर पिळून दगडावर टाकली. भागुबाईनं पुढची सतरंजी दगडावर आपटली आणि तिचं पाणी दोघींच्याही अंगावर उडालं.