दादाचे साक्षीदार

सिल्वासाजवळच्या सायली गावातला कारखाना सोडून मस्कतला गेलेला माझा भाऊ, अविनाशदादा, ब्याण्णव साली तिकडेच वारला. वकिलाचा खर्च नको म्हणून मृत्युपत्र त्यानं स्वतःच लिहिलं होतं. सिल्वासातलं घर मला.

आमच्या वकिलांनी ते वाचून परत केलं. "ताई, हे चालणार नाही. दोन जिवंत साक्षीदारांच्या सह्या लागतात."

साक्षीदारांच्या जागी दादाच्याच अक्षरात होतं: सप्तशृंगी माता. कैलासवासी बाबा.

मला त्याचा रागच आला. फोनवर सांगायचा, दर शुक्रवारी खोली मित्रांनी भरते, केलेलं पिठलं पुरत नाही.

"दोन माणसं सहज मिळाली असती," वकील म्हणाले.

"हो," मी कागदाची घडी घातली. "त्याचे पुष्कळ मित्र होते."