निळ्या पट्ट्याची सदतीस मिनिटे

मित्रांनो, तुम्ही मला पाहिले असते तर कुणाच्या तरी जुन्या पिशवीचा तुटका बंद समजून बाजूला टाकले असते. तुमचा दोष नाही. मी दिसतोच तसा. दोन हात लांब, दोन बोटे रुंद, मध्ये पिळायची एक दांडी आणि पिळलेली दांडी अडकवायला प्लास्टिकची खाच. माणसाच्या हातापायाला खोल जखम होऊन रक्त भळभळा वाहू लागले की जखमेच्या वर आवळून ते थांबवायचे, हे माझ्या जातीचे काम. माझे भाऊबंद काळे असतात. मी मात्र निळा. निळ्याचा अर्थ असा की हा शिकवण्यासाठी आहे, खऱ्या जखमेला हा बांधायचा नाही. शेकडो वेळा पिळून पिळून सरावाचा पट्टा सैल पडतो, म्हणून ही खूण.

कारखान्यात आम्हाला शिवले तेव्हाच हा फरक कळला होता. तिथली बाई प्रत्येक काळा पट्टा दोनदा ओढून पाहायची. मला तिने एकदाच ओढले आणि खोक्यात टाकले.

तिथून मी अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या एका लहानशा काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात आलो, व्हर्ना कुबिचेक या बाईंच्या झोळीत. व्हर्नाने सव्वीस वर्षे ऍम्ब्युलन्सवर काढली होती. गुडघे गेले म्हणून तिने नोकरी सोडली आणि ती शिकवू लागली. चर्चमध्ये, शाळेत, धान्याच्या कोठारांवर, जिथे बोलावतील तिथे. बंदूक घेऊन कुणी माणसांवर चालून आले तर काय करायचे, कोण कधी येते, कुणाचे काम कोणते, हा तिचा विषय. ते दिवस माझ्या सुखाचे होते. मुलांची मला धरायला झुंबड उडायची. एकमेकांच्या दंडावर मला आवळून ती ओरडायची, "मुंग्या आल्या, मुंग्या आल्या!" व्हर्ना हसून म्हणायची, "आल्या ना? म्हणजे बरोबर बांधलास."

पण वापरलेली वस्तू झिजतेच. माझ्या टोकाची चिकटपट्टी केसाळ झाली, पकड सुटू लागली. खाचेला बारीक चीर गेली. व्हर्नाच्या ते लक्षात आले होते. "पुढच्या महिन्यात नवे मागवते," असे ती म्हणाली आणि मला झोळीच्या तळाशी ढकलले. तो पुढचा महिना वर्षभर आला नाही.

एप्रिलमधल्या एका गुरुवारी सकाळी काउंटीच्या कचेरीत तळघरातल्या सभेच्या खोलीत तिचा वर्ग होता. कचेरीतली दहा-अकरा माणसे समोर बसली होती. व्हर्नाने फळ्यावर इमारतीची चौकट काढली आणि तिचे तीन भाग रंगवले. "हल्लेखोर जिथे आहे तो लाल भाग. तिथे फक्त पोलिसांची पहिली तुकडी जाते. तिचं काम एकच, त्याला थांबवणं. वाटेत कुणी पडलेलं असलं तरी ती थांबत नाही. जिथून पोलीस पुढे गेलेत पण धोका पुरता टळलेला नाही, तो पिवळा. तिथे बचाव तुकडी येते, पुढेमागे पोलीस आणि मध्ये औषधाच्या बॅगा घेतलेले आपले लोक. आणि हिरवा म्हणजे बाहेर, जिथे ऍम्ब्युलन्स उभ्या असतात."

मागच्या खुर्चीतून रॉलंड ओरडला, "मास्तरीणबाई, आणि कॉफी कुठल्या भागात मिळते?" रॉलंड, म्हणजे सगळ्यांचा रॉली, रस्तेदुरुस्तीच्या खात्यातला. बैलासारखा दांडगा.

"हिला घेऊन जा कुणीतरी," शेजारच्या मार्लिसकडे बोट दाखवत तो पुढे म्हणाला. "पंधरा मिनिटं झाली, हिने अजून एकालाही फॉर्म चुकला म्हणून परत पाठवलं नाही. आजारी दिसतेय." मार्लिस हान वरच्या मजल्यावर गाड्यांच्या नंबरपाट्यांची खिडकी सांभाळायची. तिने वहीने त्याच्या डोक्यात हळूच मारले.

मधल्या सुट्टीत सगळे वर गेले. व्हर्ना पाय दुखतात म्हणून बसून राहिली, आणि रॉली जायच्या तयारीत उरलेले डोनट संपवत होता. तेवढ्यात वरून आवाज आला. लोखंडी पिंपावर कुणी हातोडा मारावा तसा. मग लागोपाठ तीन. मग माणसांचे ओरडणे आणि पळणारी पावले.

व्हर्ना दारापर्यंत पोहोचते न पोहोचते तोच जिन्यावरून मार्लिस आली. आली म्हणजे कठड्याला धरून घसरत, घरंगळत आली. तिच्या डाव्या मांडीतून रक्त उसळत होते. रॉलीने तिला काखेत धरून आत ओढले, दार लावले, आडवे टेबल टाकले आणि कागदांचे लोखंडी कपाट रेटून त्याला टेकवले. दाराला हाताएवढी एक उभी काच होती, ती कपाटाच्या कडेने अर्धी उघडी राहिली.

रक्त दाबून धरायला व्हर्ना मार्लिसच्या जांघेत गुडघा रोवून बसली. "रॉली, झोळी!" झोळी उपडी झाली. बाहुल्या, फडकी, खडू, आणि मी. व्हर्नाने मला उचलले आणि क्षणभर तशीच थांबली.

"हा निळा आहे," ती म्हणाली.

"मग? काळे कुठे आहेत?"

"माझ्या गाडीत. आणि एक डबा वर, मोठ्या दाराजवळ."

दोघांनीही वर पाहिले. पुन्हा एक आवाज झाला. कुणीच उठले नाही.

मित्रांनो, मी आजवर शेकडो मांड्यांवर बांधला गेलो होतो. त्या सगळ्या हसणाऱ्या होत्या. ही मांडी थरथरत होती आणि गरम होती. व्हर्नाने मला जखमेच्या वर गुंडाळून खेचले. माझी केसाळ चिकटपट्टी सुटली. तिने पुन्हा खेचले, टोकाला गाठ मारली आणि दांडी पिळली. एक वेढा, दोन, तीन. मार्लिस किंचाळली. रक्ताचा लोट कमी झाला, मग थेंब, मग तेही थांबले. व्हर्नाने दांडी खाचेत अडकवली, आणि खाच तुटली.

त्या क्षणी मला किती लाज वाटली, काय सांगू! दांडी उलटी फिरू लागली. रॉलीने झेप घेऊन ती मुठीत धरली.

"सोडू नकोस," व्हर्ना म्हणाली.

"किती वेळ?"

"ते येईपर्यंत."

पट्टा कधी आवळला ते डॉक्टरांना कळावे म्हणून तिने फळ्याजवळचा शाईचा जाड पेन घेऊन मार्लिसच्या कपाळावर वेळ लिहिली. दहा बेचाळीस.

तळघरात मोबाइल लागत नसत. भिंतीवर एक जुना फोन होता. व्हर्नाने तो लावला आणि तिचा आवाज एकदम बदलला, सव्वीस वर्षे मागे गेला. "तळघर, सभेची खोली, मागच्या दारापासून तिसरी. आम्ही तिघं. एकीची मांडी, पट्टा बांधलाय, पण तो टिकणारा नाही." पलीकडची मदतकेंद्रातली बाई तिला ओळखत होती. "व्हर्ना, तुझीच ऍम्ब्युलन्सची मंडळी बाहेर उभी आहेत. गाड्या सुरू आहेत. पण त्यांना अजून सोडत नाहीयेत."

"माहितीये मला," व्हर्ना म्हणाली. "मी पण उभी राहिलेय तशी." आणि फोन न ठेवता तिने कपाळ भिंतीला टेकवले.

खिडकी नसलेली खोली. वर डोक्यावर पावले, कधी धावणारी, कधी अगदी सावकाश चालणारी. ती सावकाश पावले आमच्या छतावर आली की तिघेही श्वास धरायचे. माझी पकड रॉलीच्या मुठीत होती, त्याची मूठ माझ्यात अडकली होती, आणि मार्लिसचा जीव आम्हा दोघांत.

मग मागच्या दाराकडून बूट वाजले. पुष्कळ बूट. अर्ध्या काचेत हेल्मेट घातलेला एक चेहरा दिसला. शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या माणसांपैकी एक. त्याचे डोळे आत फिरले, रक्तावर आले, मार्लिसच्या तोंडावर थांबले.

"इथे! इथे जखमी आहे!" रॉली गरजला. "अरे, मरतेय ती!"

चेहरा नाहीसा झाला. बूट पुढे गेले.

"पळाले! बघून पळाले!" रॉलीच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. "असला कसला पोलीस हा?"

"पहिली तुकडी आहे ती, रॉली."

"मसणात गेली तुझी तुकडी!"

तेव्हा मार्लिसने डोळे उघडले. ओठ पांढरे पडले होते. ती पुटपुटली, "सकाळी सांगत होती तेव्हा... तुझं लक्ष कॉफीत होतं."

रॉली रडायला लागला. एवढा मोठा माणूस, पण हात डोळ्यांकडे नेता येईना, म्हणून पाणी तसेच हनुवटीवरून गळत राहिले. पाठोपाठ जिन्याच्या बाजूने गोळ्यांचा मोठा कडकडाट झाला आणि मग काहीच नाही. ती शांतता आवाजांपेक्षा वाईट होती. कोण उरले, कोण पडले, काही कळेना.

त्या शांततेत व्हर्ना हळूच बोलली. "माझी चूक आहे, मार्लिस. हा पट्टा मी वर्षापूर्वीच टाकायला हवा होता. आणि खरे गाडीत ठेवून आले. म्हटलं, वर्गच तर आहे."

मार्लिस उत्तर द्यायच्या स्थितीत नव्हती. तिचे दात वाजत होते. व्हर्नाने आपला कोट तिच्यावर घातला आणि तिच्याशी बोलत राहिली, नातवांची नावे विचारत, नंबरपाट्यांचे फॉर्म विचारत. मधूनच रॉली म्हणायचा, "बोटं बधिर झाली," आणि व्हर्ना आपले वाकडे, सांधे सुजलेले हात त्याच्या मुठीवर ठेवून दाबायची.

दारावर थाप पडली. "बचाव तुकडी! दोन पोलीस, दोन पॅरामेडिक!"

व्हर्नाने लगेच दार उघडले नाही. काचेला डोळा लावून तिने हात पाहिले, बिल्ला पाहिला, लाल बॅगा पाहिल्या. मग ती कपाटाकडे वळली. रॉलीने एकट्याने रेटलेले ते कपाट. तो उठू शकत नव्हता, उठला असता तर मी सुटलो असतो. व्हर्नाने पाठ कपाटाला लावली, दुखऱ्या गुडघ्यांवर जोर दिला आणि ओरडत ओरडत ते वीतभर सरकवले. तेवढी फट पुरली, बाहेरून पोलिसांनी दार रेटून टेबलही मागे सारले. आत आलेल्या बाईने माझ्या वरच्या बाजूला काळा पट्टा आवळला, दांडी खाचेत टक्कन बसवली आणि रॉलीला म्हणाली, "आता सोडा."

त्याची मूठ उघडेना. तिने एकेक बोट सोडवले. सदतीस मिनिटे झाली होती.

मी मार्लिसच्या पायावरच राहिलो आणि तिच्याबरोबर इस्पितळात गेलो. तिथे मला सोडवून तिच्या कपड्यांसोबत एका पिशवीत बंद केले. तिचा पाय वाचला, त्या पायाच्या बोटांना जाण मात्र कमीच राहिली. कचेरीतून दोन माणसे परत आली नाहीत. त्यातला एक म्हातारा नवीन ट्रकची पाटी घ्यायला मार्लिसच्याच खिडकीपुढे उभा होता.

चौथ्या दिवशी पिशवी न्यायला एक पोलीस आला. चाळिशीचा, हातात टोपी. नाव वेसली.

"पुरावा म्हणून... तुमचे कपडे न्यायचेत, मॅडम."

मार्लिसने त्याच्याकडे टक लावून पाहिले. "काचेतून बघणारा तूच ना?"

"हो."

"थांबला नाहीस."

"नाही." त्याने टोपी फिरवत खाली पाहिले. "तो बंदूकवाला जिन्याच्या वळणावर होता. खाली येत होता. तुमच्या दाराकडे. तिथेच थांबवला त्याला."

पिशवीत मला माझ्याच घड्या टोचत होत्या.

"मग बरं झालं थांबला नाहीस," मार्लिस म्हणाली. "झोप लागते का रे?"

त्याने मान हलवली. नाही म्हणून.

"मग ती खुर्ची ओढ. व्हर्नाने कोलाचे आणलेत, खसखस भरलेले गोड पाव. मला जात नाहीत. तू खा."

तो बसला. पिशवी मांडीवर घेऊन, म्हणजे मलाच मांडीवर घेऊन त्याने हळूहळू एक कोलाचे संपवला. मार्लिसला डुलकी लागली तरी तो उठला नाही. नर्स येईपर्यंत बसून राहिला.

आता मी शेरीफच्या कचेरीत एका लोखंडी कपाटात आहे. पिशवी मोहोरबंद आहे, चौकशीची कामे संपेपर्यंत ती उघडणार नाही. रक्त वाळल्यामुळे मी सरळ होत नाही, मांडीच्या मापाचा वेढा तसाच राहिला आहे. बाहेरच्या गप्पांतून कळते की व्हर्ना आता कचेरीच्या प्रत्येक मजल्यावर दाराशेजारी काळ्या पट्ट्यांचा डबा बसवते आणि रॉली भिंतीला भोके पाडून देतो. त्याची टिंगल चालूच असते, पण वर्गात म्हणे तो पहिल्या खुर्चीत बसतो.

मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू 'मला जपा' म्हणतात. मी तसे म्हणणार नाही. माझ्यासारखा झिजलेला पट्टा दिसला तर हळहळू नका, टाकून द्या आणि नवा आणा, याच महिन्यात. एखाद्या वाईट दिवशी दाराआड अडकलात आणि मदतीला आलेला माणूस तुमच्याकडे पाहून पुढे गेला, तर त्याला शिव्या देण्याआधी एवढे आठवा की कदाचित तो तुमच्यासाठीच पुढे गेला आहे. आणि तुमच्या शाळेत, कचेरीत भिंतीवर असा डबा असेल, तर आजच उघडून पाहा. आत काय आहे, ते धड आहे का, खोलीपासून किती पावलांवर आहे, मोजून पाहा. मी स्वतः येऊन पाहिले असते. पण कपाटाला कुलूप आहे.